मार्च महिन्यात संघ इतके खेळाडू का बदलतात?

प्रश्न असा आला आहे: "दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बॉस्टनला आलो. क्रिकेटवर वाढलेला माणूस, पण आता इथल्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाची एकही मॅच चुकवत नाही. फेब्रुवारी-मार्च आला की मात्र डोकं चालेनासं होतं. रोज कोणीतरी ऑप्शन होतो, कोणी वेव्हरवर जातो, ओळखीचा चेहरा अचानक दुसऱ्याच संघाच्या टोपीत दिसतो. सराव सामन्यांत धुलाई करणाऱ्या पोराला खाली पाठवतात आणि ज्याची बॅट चालत नाही तो संघात राहतो. यामागे काही तर्क असतो का? आणि जर्सी घ्यायची तर कोणाची घ्यावी?"

तर्क असतो, आणि बहुतेक वेळा तो मैदानावर नसतो, नियमांत असतो. मी २००१ साली सांगलीहून इकडे आले, २००३ पासून रेड सॉक्स बघते आहे, आणि आमच्या गावातल्या शाळकरी मुलांच्या लीगची स्कोअरबुकं गेली चौदा वर्षं मी लिहिते. दर फेब्रुवारीत मी वहीचं एक कोरं पान उघडून त्यावर ४० नावं लिहिते. प्रत्येक नावापुढे तीन रकाने: ऑप्शन किती उरले, मोठ्या लीगमध्ये किती वर्षं झाली, दुखापत काय आहे. सराव सामन्यांच्या धावा लिहायला त्यात जागाच नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पानावर आहे.

४० अशासाठी की मायनर लीगचे, म्हणजे खालच्या पातळीवरचे, सगळे संघ धरले तर एका क्लबकडे खेळाडू शंभराच्या वर असतात, पण मोठ्या संघाच्या यादीत, म्हणजे फॉर्टी-मॅन रोस्टरवर, ४० च बसतात. त्यातले २६ प्रत्यक्ष मॅचसाठी असतात, आणि त्या २६ मध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, जास्तीत जास्त १३. यादी भरलेली असताना नवा माणूस आणायचा तर आधी कोणालातरी काढावं लागतं. गंभीर दुखापत असलेल्याला ६० दिवसांच्या यादीत टाकलं की त्याची ४० मधली जागा मोकळी होते, पण ही सोय स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे मोसमाआधीचं सराव शिबिर, सुरू झाल्यावरच मिळते. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यावर, पिचर आणि कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखे) कॅम्पमध्ये पोचतात त्याच सुमारास, इतके दिवस रखडलेले करार एकदम जाहीर होऊ लागतात. बोलणी आधीच झालेली असतात, फक्त जागा होत नसते.

ऑप्शन हा शब्द फसवा आहे, कारण ही मुभा खेळाडूला नसते, संघाला असते. ४० मध्ये आलेल्या खेळाडूची साधारणपणे तीन ऑप्शन वर्षं असतात. त्या वर्षांत संघ त्याला हवं तेव्हा मायनरला पाठवू शकतो आणि परत वर बोलावू शकतो. २०२२ पासून एका मोसमात पाचदाच, एवढंच बंधन. एका मोसमात त्याचे २० दिवस खाली गेले की एक ऑप्शन वर्ष खर्ची पडतं. तिन्ही संपली की तो 'आउट ऑफ ऑप्शन्स'. मग त्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हरवर ठेवावं लागतं, म्हणजे बाकीच्या २९ संघांपुढे तो मोकळा होतो, आणि गेल्या मोसमात तळाला राहिलेल्यांचा हक्क आधी लागतो.

आता तुमचं कोडं सोडवून बघा. एका पोराची बॅट मार्चमध्ये तळपते आहे आणि त्याचे दोन ऑप्शन शिल्लक आहेत. दुसऱ्याला काही जमत नाहीये, पण त्याचे ऑप्शन संपलेत. पहिल्याला वूस्टरच्या आपल्याच मायनर संघात पाठवलं तर तो आपलाच राहतो, मास पाइक हायवेवरून तासाभरात परत आणता येतो. दुसऱ्याला पाठवायला गेलात तर तो बहुधा दुसऱ्याच कोणाचा होतो. संघ दोघांनाही हाताशी ठेवू पाहतो, म्हणून चांगला खेळणारा खाली जातो. अन्याय पोरावर होतोच. तो मी नाकारत नाही, पण मॅनेजर आंधळा आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

शिवाय मार्चमधली धुलाई नेमकी कोणाची होते, तेही बघावं लागतं. नऊपैकी सहाव्या-सातव्या इनिंगनंतर मैदानात ८० च्या आणि ९० च्या घरातले नंबर दिसू लागतात. ही मुलं आणखी वर्षभर तरी मायनरमध्येच असणार असतात. फ्लोरिडात फोर्ट मायर्सला रेड सॉक्सचा कॅम्प असतो, आणि स्टेडियमच्या मागे सरावाची मैदानं आहेत. काही वर्षांपूर्वी तिथल्या जाळीला नाक लावून मी सकाळभर उभी होते. एक तरुण पिचर एकच चेंडू पुन्हापुन्हा टाकत होता. बाजूला छोटा कॅमेरा लावलेला. दर तीन-चार चेंडूंनंतर प्रशिक्षक त्याचा अंगठा धरून शिवणीखाली किंचित सरकवायचा, आणि कॅचर नुसता हात आडवा करून दाखवायचा: अजून नाही, अजून नाही. वीसेक चेंडूंनंतर एक असा पडला की कॅचर उठूनच उभा राहिला. त्याच दुपारी तो पोरगा मॅचमध्ये उतरला, तोच नवा चेंडू सारखा टाकत राहिला आणि मार खाल्ला. दुसऱ्या दिवशीच्या आकड्यांत फक्त तो मार होता. मी वहीत त्याच्या नावापुढे 'अंगठा' एवढंच लिहून ठेवलं. मार्चमध्ये चेंडूचा वेग वाढला का, नवा चेंडू शिकतोय का, सलग किती इनिंग टाकू शकतो, दुखणं बरं झालं का, हे बघत जा. धावांची सरासरी एप्रिलच्या शेवटापर्यंत बाजूला ठेवली तरी चालते.

दुसरा रकाना, मोठ्या लीगमधल्या वर्षांचा, म्हणजे घड्याळाचा, आणि सगळ्यात कडू गोष्टी त्यातल्याच. मोठ्या लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक पूर्ण वर्ष धरलं जातं आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा. मोसम १७२ पेक्षा थोडा लांब असतो, त्यामुळे पोराला सुरुवातीचे दोन-अडीच आठवडे खाली ठेवलं की त्या वर्षी पूर्ण वर्ष भरत नाही आणि संघाला त्याचा एक मोसम जास्तीचा मिळतो. क्रिस ब्रायंटने २०१५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये शिकागो कब्जसाठी नऊ होम रन मारले, तेवढे दुसऱ्या कोणीही मारले नव्हते. तरी त्याला खाली पाठवलं. कारण सांगितलं की बचाव सुधारायचा आहे. १७ एप्रिलला तो वर आला आणि मोसमाअखेर त्याचे १७१ दिवस भरले. एक दिवस कमी! त्याने दाद मागितली, निकाल लागायला २०२० उजाडलं, आणि तो त्याच्या विरुद्ध गेला. २०२२ च्या करारात यावर थोडी मलमपट्टी झाली: नवोदितांच्या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मिळतं, आणि होतकरू पोराला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, जादा निवड मिळू शकते. तेव्हापासून ओपनिंग डेच्या, म्हणजे मोसमाच्या पहिल्या दिवसाच्या, यादीत कोवळी नावं जास्त दिसतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

आता मार्चचा शेवटचा आठवडा. तिसांच्या तीस संघांना एकाच वेळी २६ वर यायचं असतं. ऑप्शन संपलेले वेव्हरवर येतात. मायनरच्या करारावर कॅम्पला आलेल्या जुन्या, अनुभवी खेळाडूंपैकी बऱ्याच जणांना ओपनिंग डेच्या पाच दिवस आधी सांगता येतं की संघात घ्या, नाहीतर मला सोडा. सगळ्या घडामोडींत मला हाच आठवडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बातम्या चार ओळींच्या येतात, नावं अनोळखी असतात, आणि त्यातूनच कधीकधी सोनं हाती लागतं. का म्हणते ते सांगते.

२००३ च्या फेब्रुवारीत पिट्सबर्गने ब्रॉन्सन अरोयो नावाचा पिचर वेव्हरवर टाकला आणि बॉस्टनने उचलला. चार ओळींचीच बातमी. त्या मोसमाचा बराचसा भाग त्याने मायनरमध्ये पॉटकेटला काढला आणि ऑगस्टमध्ये तिथे एक परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरचा एकही फलंदाज बेसवर पोचू दिला नाही. त्याच हिवाळ्यात मिनेसोटाने सोडून दिलेला डेव्हिड ऑर्टिझ नावाचा धिप्पाड गडी बॉस्टनने साडेबारा लाख डॉलरला घेतला होता. तेव्हा कोणी पेढे वाटले नव्हते.

त्या ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्क यांकीजच्या अ‍ॅरन बूनने अकराव्या इनिंगमध्ये होम रन मारून आमचा मोसम संपवला. डिसेंबरमध्ये अलेक्स रॉड्रिगेझ, त्या काळचा सगळ्यात महागडा खेळाडू, आमच्या मॅनी रामिरेझच्या बदल्यात टेक्सासहून बॉस्टनला येणार असं जवळजवळ ठरलं. सौदा बसण्यासाठी त्याच्या कराराची रक्कम कमी करायची होती, खेळाडूंच्या संघटनेने हरकत घेतली आणि सगळं फिसकटलं. जानेवारीत बून बास्केटबॉल खेळताना गुडघा मोडून बसला. यांकीजना तिसऱ्या बेसवर माणूस हवा झाला आणि फेब्रुवारीत त्यांनी रॉड्रिगेझच पळवला. त्या दिवशी माझ्या ऑफिसात सुतक होतं. जेवणाच्या टेबलावर कोणी खेळाचा विषयच काढेना.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहिते. जुलैमध्ये अरोयोचा चेंडू रॉड्रिगेझला लागला, तो तणतणत पुढे आला, कॅचर व्हॅरिटेक मध्ये पडला आणि फेनवेवर, म्हणजे आमच्या घरच्या मैदानावर, हाणामारी झाली. ऑक्टोबरमध्ये यांकीजविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून परत येताना सहाव्या मॅचमध्ये रॉड्रिगेझचा हळू घरंगळणारा चेंडू अरोयोने उचलला, त्याला टॅग करायला, म्हणजे चेंडू लावून बाद करायला, गेला, आणि रॉड्रिगेझने त्याच्या ग्लव्हवर चापट मारून चेंडू उडवला. पंचांनी एकत्र येऊन त्याला बाद दिलं. ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं विजेतेपद, बॉस्टनला आली. सिरीजचा मानकरी ठरला मॅनी रामिरेझ, ज्याला आम्ही डिसेंबरमध्ये देऊन टाकणार होतो. फेब्रुवारीत हातातून निसटलेल्या सौद्यावर मी तेव्हापासून लगेच मत बनवत नाही.

आणि तरीही मार्च २००६ ची जखम मला अजून ताजी वाटते. अरोयोने त्या जानेवारीत बॉस्टनशी तीन वर्षांचा करार केला, १ कोटी साडेबारा लाख डॉलरचा. बाजारात याहून जास्त मिळालं असतं. सल्लागार नको म्हणत होते, कारण ट्रेड होणार नाही अशी हमी करारात नव्हती. त्याला इथेच राहायचं होतं म्हणून त्याने सही केली. २० मार्चला, सोमवारी, बातमी आली: अरोयो सिनसिनाटीला, बदल्यात आउटफिल्डर विली मो पेन्या. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. आमच्या ड्राइव्हवेमध्ये गॅरेजच्या दारावर टेनिस बॉल टाकताना तो अरोयोसारखा पाय काठीगत ताठ वर उचलायचा आणि निम्म्या वेळा तोल जाऊन पडायचा. शाळेतून आल्यावर मी त्याला सांगितलं. दप्तर न काढता तो उभा राहिला आणि म्हणाला, "आई, पण त्याने इथेच राहायचं म्हणून कमी पैसे घेतले ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खेळाच्या हिशेबाने तो सौदा वेडेपणाचा नव्हता. शिलिंग, बेकेट, वेकफिल्ड, वेल्स, क्लेमेंट, पॅपलबॉन आणि अरोयो, असे सुरुवातीचे पिचर म्हणून वापरता येतील असे सात जण होते आणि जागा पाच. पेन्या चोवीस वर्षांचा, चेंडू गावाबाहेर मारणारा. आणि अरोयोचा स्वस्त करारच त्याला विकायला सोपा करून गेला, कारण इतक्या कमी पैशांत इतका भरवशाचा पिचर कोणाला नको असतो? पण उन्हाळा येईपर्यंत सातांचे किती उरले बघा. पॅपलबॉनला एप्रिलमध्येच शेवटच्या इनिंगचं काम दिलं होतं. वेल्सचा गुडघा गेला, क्लेमेंटचा खांदा गेला, वेकफिल्डची बरगडी गेली. ऑगस्टमध्ये यांकीजनी फेनवेवर येऊन सलग पाच मॅचेस जिंकल्या आणि आम्ही तिसरे आलो. तिकडे अरोयोने २४० इनिंग टाकल्या आणि ऑल-स्टार झाला. पेन्याने त्या वर्षी आमच्यासाठी ११ होम रन मारले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तोही वॉशिंग्टनला गेला. बेसबॉलमध्ये म्हणतात की पिचर कधी जास्त होत नाहीत. मी हे वाक्य आधी नुसतं ऐकलं होतं, पटलं त्या उन्हाळ्यात. तेव्हापासून माझा ठोकताळा आहे: मार्चमध्ये 'जादा झाला' म्हणून पिचर दिला असं ऐकलं, की मी वहीत उरलेल्यांची वयं आणि जुनी दुखणी मोजते.

अरोयोला विचारायचीही गरज नव्हती, हे आपल्याकडच्या माणसाला चटकन पटत नाही. आयपीएलमध्ये ट्रेड करायचा तर खेळाडूची संमती लागते. हार्दिक पंड्या २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुजरातहून मुंबईला आला तो राजीखुशीने, आणि वानखेडेवरच्या लोकांनी राग काढला तो त्याच्यावर. इथे करारात हमी लिहून घेतली नसेल, किंवा लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात झाली नसतील, तर खेळाडूला फक्त फोन येतो. म्हणून इथे गेलेल्या खेळाडूवर रागावू नका. तो परत आला की फेनवेवर लोक उभं राहून टाळ्या वाजवतात, त्याचं कारण हेच आहे.

मुकी बेट्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बॉस्टनमध्ये राहून तो विषय टळणार नाही. बॉस्टननेच २०११ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत घेतलेला, इथेच वाढलेला, २०१८ चा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला आणि पिचर डेव्हिड प्राइसला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे पाठवलं. त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं, आणि पगाराची बेरीज २० कोटी ८० लाख डॉलरच्या कर-मर्यादेखाली आणायची होती. सलग तिसऱ्या वर्षी मर्यादा ओलांडली असती तर वरच्या रकमेवर निम्मा कर पडला असता. पहिला मसुदा तीन संघांचा होता. त्यात मिनेसोटाचा पिचर ग्रॅटरोल बॉस्टनला यायचा होता, पण त्याचे वैद्यकीय अहवाल बघून बॉस्टनने हात आखडला आणि चार-पाच दिवसांनी सगळं नव्याने मांडावं लागलं. ट्रेडची बातमी आली म्हणजे ट्रेड झाला असं नसतं. डॉक्टरांचे कागद बघून होईपर्यंत थांबायचं असतं, ते यासाठी. शेवटी बदल्यात व्हर्डुगो, डाउन्स आणि वाँग आले. डॉजर्सनी जुलैत बेट्सशी ३६ कोटी ५० लाख डॉलरचा बारा वर्षांचा करार केला आणि ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. आमच्याकडे त्या तिघांपैकी २०२५ पर्यंत कॅचर वाँग तेवढा टिकला. मी सगळ्या नियमांची बाजू समजून घेऊनही हा सौदा चूक होता असंच म्हणेन. रेड सॉक्स काही गरीब संघ नाही, आणि घरात तयार झालेला असा खेळाडू पिढीत एखादाच येतो.

२०२५ चा फेब्रुवारी तुम्ही स्वतः पाहिला आहे. ब्रेगमनला घेतलं तेव्हा मीही खूश होते, पण त्याच दिवशी वहीत डेव्हर्सच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं, कारण दोघांची जागा एकच, तिसरा बेस. डेव्हर्सने कॅम्पमध्येच सांगितलं होतं की ही जागा माझी आहे. मग त्याला फक्त बॅटिंगला ठेवलं, मेमध्ये पहिल्या बेसवरचा कॅसस गुडघा फोडून बसल्यावर पहिल्या बेसवर जा म्हणाले, तो नाही म्हणाला, आणि जूनमध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. फेब्रुवारीत कोणी आला की आधी बघायचं, त्याच्या जागेवर कोण उभा आहे आणि त्याला कोणी विचारलंय का.

येत्या मार्चला एक करून बघा. बातम्यांमध्ये 'ऑप्शन केला' आणि 'मायनरच्या कॅम्पला पाठवला' हे दोन वेगळे शब्दप्रयोग येतील. पहिला ४० मधल्यांसाठी, दुसरा ४० च्या बाहेरून कॅम्पला बोलावलेल्यांसाठी. पहिल्यांची यादी ठेवा. एप्रिलमध्ये कोणाचा कोपर दुखू लागला की त्याच यादीतून माणूस वर येतो, आणि तो आला की तुम्हाला तो आधीपासून माहीत असेल. जमलं तर मेमध्ये एखाद्या शनिवारी वूस्टरला जाऊन या. तिकीट फेनवेपेक्षा खूप स्वस्त, आणि पिचर इतका जवळून दिसतो की चेंडू सोडताना त्याने काढलेला हुंकारही ऐकू येतो.

जर्सीचं म्हणाल तर घरच्या मॅचचा पांढरा शर्ट घ्या. फेनवेवर खेळाडू घालतात त्यावर मागे नाव नसतंच, नुसता नंबर असतो. नंबर मात्र आवडत्याचाच घ्या, तो किती दिवस राहील याचा हिशेब न करता. आमच्या घरात २००५ मध्ये घेतलेला ६१ नंबरचा छोटा शर्ट आहे, उजव्या बाहीवर ड्राइव्हवेच्या डांबराचा डाग असलेला. मुलगा आता नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात आहे. शर्ट नेऊ का म्हणून त्याने गेल्या दिवाळीत विचारलं, मी दिला नाही.